पावसाळ्यातलं चिलखत : वाचकांचे प्रश्न

कॉस्प्लेच्या पोशाखांबद्दल गेल्या दोन महिन्यांत आलेली निम्मी पत्रं एकाच शब्दापाशी येऊन थांबतात : सुटलं. खांद्याचं सुटलं, बुटाचा तळ सुटला, रंग पापुद्र्यासारखा सुटला. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. थंडीतल्या कार्यक्रमांचे पोशाख मात्र मुलं याच दिवसांत करायला घेतात, कारण चवथीनंतर दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यांची गडबड सुरू होते आणि मग हात मोकळे राहत नाहीत. म्हणून या वेळी पावसाळ्याच्या पत्रांना जास्त जागा दिली आहे.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. आवडत्या कथेतल्या पात्राचा पोशाख स्वतः करायचा, अंगावर चढवायचा आणि त्या पात्रासारखं वावरायचं, याला कॉस्प्ले म्हणतात. ‘कॉस्च्युम’ आणि ‘प्ले’ जोडून झालेला हा शब्द १९८०च्या दशकात जपानमध्ये रूढ झाला. माझे वडील फोंड्याच्या बाजूला जत्रेतल्या नाटकांना कपडेपट पुरवायचे आणि आई शिवायची. नऊ वर्षांपूर्वी भाच्याने मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी, म्हणजे कॉमिक्सवेड्यांच्या मेळाव्यासाठी, चिलखत मागितलं, तेव्हा मी आईच्याच मशीनवर बसले. ते मशीन अजून चालू आहे.

प्रश्न : काकी, मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ईव्हीए फोमचं (व्यायामाच्या चटईला असतो तो) छातीचं चिलखत आणि खांदे केले. चपलांसाठी वापरतात ते पिवळं गोंद लावलं. तिसऱ्या दिवशी सगळे सांधे उघडले. कोपराच्या पट्टीवरचा रंगही तडकला. यूट्यूबवर दाखवतात तसंच केलं होतं. माझं कुठे चुकलं?

उत्तर : पुता, तुझी चूक एकच आणि छोटी. व्हिडिओ करणाऱ्याची खोली कोरडी होती, तुझी नव्हती.

ते पिवळं गोंद आधी समजून घे. ते ओलं असताना चिकटत नाही. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, आतलं द्रावण उडून जाऊ द्यायचं आणि बोटाला लागेनासं झालं की मग दोन्ही बाजू एकमेकींवर दाबायच्या. द्रावण उडताना तो पृष्ठभाग गार होतो. हवेत जुलैची ओल असते, ती त्या गार थरावर अगदी बारीक दवासारखी बसते. डोळ्यांना फक्त थोडा दुधी रंग दिसतो. तू दाबलंस तेव्हा गोंदाला गोंद भिडलंच नाही, मध्ये पाणी होतं. पहिले दोन दिवस ते धरल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी सुटतं.

मी काय करते ते सांगते. पावसाने उघडीप दिलेली दुपार बघते. फोमचा तुळतुळीत पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडते, कारण कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्यावर गोंद नीट धरत नाही. जोडाच्या दोन्ही कडांवर आडव्या पेनाच्या खुणा करून ठेवते. हे गोंद एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून खुणेला खूण जुळवतच जायचं. मग पडवीत बसून पातळ थर लावते, घरात नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या जागी अर्धा तास थांबावं लागलं तरी थांबते. उलट्या बोटाने हात लावून बघते. पुढच्या बोटांना आधीच गोंद लागलेलं असतं, ती खोटं सांगतात. सगळं वाळल्यावर डबा झाकण घट्ट लावून आत नेऊन ठेवते आणि मगच हेअर ड्रायरची ऊब दोन्ही बाजूंवरून फिरवते. बसलेलं पाणी निघून जातं, गोंद पुन्हा जिवंत होतं, आणि त्याच क्षणी दाबते. हा क्रम मोडायचा नाही. ओल्या गोंदावर ऊब नेलीस तर त्याची वाफ पेट घेते. मी हे दोनदा लिहायला तयार आहे : ओल्या गोंदाजवळ हीट गन नाही, काडी नाही, समईसुद्धा नाही.

तुझ्या फोटोत आणखी एक गोष्ट दिसली. खांद्याचा तुकडा काटकोनात कापून कडेला कड चिकटवली आहेस. जिथे वळण हवं तिथे कटर तिरका धरून कड उतरती काप. दोन उतरत्या कडा भेटल्या की कोपरा आपोआप उभा राहतो आणि गोंदाला रुंद जागा मिळते. पातं दर दोन-तीन हात कापणीनंतर बदल. बोथट पात्याने फोम फाटतो, आणि फाटलेली कड कितीही गोंद लावलं तरी फाटलेलीच दिसते.

रंगाचं : फेविकॉलमध्ये पाणी घालून हात दिला असशील. बऱ्याच जणांना तसं शिकवतात. स्वस्त पडतं हे खरं, पण तो थर वाळला की ताठ होतो, वाकवला की तडकतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत पुन्हा चिकट होतो. आधी हीट गन फिरवून फोमची छिद्रं मिटव. पृष्ठभागाला हलकी चकाकी आली की छिद्रं मिटली असं समज. मग ताणणारा थर हवा. प्लास्टी डिप हा रबरी लेप मिळाला तर उत्तम. मी गच्चीला लावतात तो रबरासारखा ताणणारा अॅक्रिलिक कोट पातळ करून तीन हात देते, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. रंगही तसाच, पातळ पातळ.

पण कोपराला कुठलाच रंग वाचवणार नाही. तिथे अखंड पट्टी टाकायचीच नाही. दंडाचा तुकडा वेगळा, हाताचा वेगळा, मध्ये काळ्या स्ट्रेच कापडाची बाही. वरचा तुकडा खालच्यावर दोन बोटं चढवून ठेव, जसं माशाचं खवलं खवल्यावर चढलेलं असतं. हात वाकला की एक तुकडा दुसऱ्याखाली शिरतो.

आणि आता ज्याच्यासाठी तुझं उत्तर एवढं लांबवलं ते. तू सहा फोटो पाठवलेस, सहाही बाहेरून. आतून काय आहे? चिलखताचं वजन नेमकं कुठे टांगलं आहे? बहुतेक मुलं इलॅस्टिकचं टोक एका थेंबाने फोमला चिकटवतात. हात वर केला की सगळा भार त्या थेंबावर. वडिलांच्या कपडेपटातलं एक जुनं चामडी वक्षस्त्राण माझ्याकडे आहे. बाहेरून बेगड उडालेली, काही शोभा नाही. पण उलटं केलं की कळतं : प्रत्येक पट्ट्याखाली तळहाताएवढं मांजरपाटाचं ठिगळ, त्याला चारही बाजूंनी टीप आणि मध्ये फुली. भार एका जागी न राहता सगळ्या ठिगळावर पसरतो. तेच तू फोमला कर. तळहाताएवढा कापडाचा तुकडा पूर्ण गोंदाने बसव आणि पट्टा त्या कापडाला शिवून टाक. गोंद कापड धरेल आणि दोरा पट्टा धरेल.

प्रश्न : ताई, मी म्हापशाची. मुलगी नववीत आहे. डिसेंबरमध्ये तिला एका जपानी कार्टूनमधल्या पात्रासारखे मोठे पंख लावून जायचं आहे. रोज दोन तास त्यातच जातात. तिच्या बाबांना हे खूळ वाटतं. खर्च करू की नको? आणि पंख पाठीला बांधायचे तरी कसे?

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांची काळजी मला समजते. नववीचं वर्ष आहे. पण तुम्ही पत्रासोबत तिची वही पाठवलीत त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. त्या वहीत तिने एका पंखाची तीन मापं काढली आहेत, उभं असताना, वाकल्यावर आणि दारातून जाताना. दाराचं माप घेणारी मुलगी खुळात नाही, कामात आहे. तिला ते दोन तास द्या. अभ्यासाचे तास तिच्याच हाताने ठरवून भिंतीवर लावून घ्या, पण हे दोन तास काढून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट तिच्या बाबांना सांगा. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं होतं. तिथे फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून गेले. कॉस्प्लेचा इतिहास सांगणारे बहुधा तिथूनच सुरुवात करतात, आणि अॅकरमन यांचं नाव आधी घेतात. पण दोघांचेही कपडे मर्टल यांनी शिवले होते. आज नागोयाला २००३ पासून जागतिक कॉस्प्ले समिट भरते, देशोदेशीची मुलं आपल्या हाताने केलेले पोशाख घेऊन तिथे जातात. तुमची मुलगी त्या शिवणाऱ्या बाईच्या रांगेत बसली आहे.

आता पंख. बाजारात तयार अॅल्युमिनियमची तार मिळते, पण तुमच्या घरात दरवर्षी आकाशकंदील होत असेलच. पंखाचा सांगाडा म्हणजे एक सपाट, लांबट आकाशकंदील. बांबूच्या कामट्या घ्या, करंगळीच्या निम्म्या जाडीच्या. रात्रभर पाण्यात भिजवून मेणबत्तीच्या ज्योतीवरून पुढे-मागे नेत हळूहळू वाकवायच्या. सालीची बाजू वळणाच्या बाहेर ठेवायची. साल ताण सोसते, गाभा सोसत नाही. उलटं धरलं तर नेमकी वळणावर कड्‌कन मोडते. ज्योतीचं काम तुम्ही करा, तिने धरून राहावं. गाठींना दोरा गुंडाळून वर फेविकॉल. पिसं कापडाची कापा. सुती नको, ओली हवा लागली की लोंबतात. ऑर्गेंझा घ्या, हलकं असतं आणि उभं राहतं. शुक्रवारच्या बाजारात तुकड्यांच्या ढिगात शोधलंत तर पुरेसं निघेल, अखंड तागा घ्यायची गरज नाही. पांढऱ्यात तीन छटा मिळाल्या तर तिन्ही घ्या. खऱ्या बगळ्याच्या पंखातही एक पांढरा नसतो.

पाठीला बांधण्याबद्दल तिने वहीत खांद्याचे दोन पट्टे दाखवले आहेत. त्याने होणार नाही. पंख मागे ओढतात, पट्टे खांद्यावरून सरकतात आणि मूल पुढे वाकून चालू लागतं. तिच्या जुन्या दप्तराचा मागचा भाग पट्ट्यांसकट कापून घ्या. त्यात पातळ प्लायवुडची किंवा कठीण प्लॅस्टिकची फळी शिवा, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये बसेल एवढी. पंखांची मुळं फळीला बांधा. मग दोन पट्टे आणखी : एक छातीवरून, एक कमरेवरून, आणि कमरेचा सगळ्यांत रुंद. निम्मं वजन कमरेने घेतलं पाहिजे. सगळं मिळून तिच्या शाळेच्या दप्तराच्या निम्म्याहून जड होत असेल तर काहीतरी काढून टाका. मग ते घालून तिला घरात अर्धा तास जेवायला, पाणी प्यायला, बसायला लावा. अर्ध्या तासानंतर ती स्वतःच सांगेल कुठे काचतं ते, आणि तिथे जुन्या रजईचा तुकडा लावायचा.

खर्च किती करायचा तो तुमचा प्रश्न. मी असते तर एक चांगली कात्री घेऊन दिली असती, फक्त कापडाची, जी घरात दुसऱ्या कशालाही कुणी वापरायची नाही.

प्रश्न : डोळ्यांसाठी लाल कॉन्टॅक्ट लेन्स मैत्रिणीकडे आहेत. एका दिवसासाठी घेऊ का? (मडगावहून)

उत्तर : नको, बाय. दुसऱ्याची लेन्स कधीच नाही. नवीन असली तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून माप घेतल्याशिवाय नाही. बुबुळाला जखम आणि जंतुसंसर्ग एका संध्याकाळीत होऊ शकतो. डोळ्यांभोवती लाल आणि काळ्या रंगाने काम करून बघ, दहा फुटांवरून बघणाऱ्याला तेवढं पुरतं.

प्रश्न : आम्ही वाळपईजवळ राहतो. नरकासुराचे मुखवटे आम्ही पोरं दरवर्षी करतो. या वेळी अंगावर घालता येईल असा राक्षसाचा मुखवटा शिंगांसकट करायचा ठरवलं. थर्मोकोल कोरून सुंदर आकार आणला, स्प्रे पेंट मारला आणि पाच मिनिटांत त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडली. शिंगं जोडायला पिवळं गोंद लावलं तर तिथेही तो विरघळला. आता काय?

उत्तर : स्प्रेमधलं आणि त्या गोंदामधलं द्रावण थर्मोकोल खातं. साखर पाण्यात जाते तसा तो त्यात जातो. थर्मोकोलला पाण्यातलं गोंद चालतं, पाण्यातला रंग चालतो, दुसरं काही नाही. पण मला विचाराल तर थर्मोकोल सोडूनच द्या. तुमच्या हाताला कागद माहीत आहे, त्याच्याकडे परत या.

मातीचा उठाव करा, घालणाऱ्याच्या डोक्याच्या मापापेक्षा एक बोट मोठा, कारण आत कापडाचं अस्तर येणार आहे. मातीवर ओला प्लॅस्टिकचा कागद. मग वर्तमानपत्राचे तुकडे हाताने फाडा, कात्रीने कापू नका. फाटलेली कड पातळ होत जाते आणि शेजारच्या तुकड्यात मिसळते, कापलेल्या कडेची रेघ रंगानंतरही दिसते. एक थर वर्तमानपत्राचा, एक थर खाकी कागदाचा, आळीपाळीने. त्यामुळे कुठे राहिलं ते लगेच कळतं आणि सात थर मोजायला सोपे जातात. प्रत्येक थर सुकल्याशिवाय दुसरा नाही. या हवेत एका थराला दीड दिवस लागतो. घाई केली तर आतला थर कुजून वास मारतो, आणि तो वास तुमच्या नाकाशी असणार आहे.

खळ चिंचोक्याची करा. चिंचोके भाजून साल काढा, रात्रभर भिजवा, वाटा, पाण्यात शिजवा. मैद्याच्या खळीपेक्षा घट्ट धरते. खळीत कीड लागू नये म्हणून पूर्वी बाइंडिंगवाले मोरचूद, म्हणजे ते निळं विषारी कॉपर सल्फेट, घालायचे. नरकासुर जळून जातो, त्याला काय घातलं त्याने फरक पडत नाही. पण हा मुखवटा श्वासाशी आहे, त्यात मोरचूद अजिबात घालू नका. लवंगेचं तेल थोडं घाला.

शिंगं भरीव करू नका. कागदाचा कोन, आत वर्तमानपत्राचा चुरगळलेला गोळा, आणि मुळाशी चार चिरा पाडून त्या फाकवून मुखवट्यावर पसरायच्या. त्यावर पुन्हा तीन थर. शिंग उंच जाईल तसं मानेवर येतं, म्हणून टोकाला फक्त कागद असावा.

आतून : कपाळापाशी आणि दोन्ही कानांवर फोमचे तीन तुकडे लावा, म्हणजे मुखवटा डोक्याला तीनच ठिकाणी टेकेल आणि बाकी हवा खेळेल. तोंडाच्या फटीतून श्वास बाहेर जायला हवा, नाहीतर दहा मिनिटांत घामाने सगळं मऊ पडतं. आतली बाजूसुद्धा रंगवा, दोन हात. सोबत एक माणूस ठेवा ज्याने काहीच घातलेलं नाही. तो हात धरील, पायऱ्या सांगील, पाणी देईल. दर वीस मिनिटांनी मुखवटा काढायचा, हे त्याने ठरवायचं, घालणाऱ्याने नाही. घालणाऱ्याला कधीच दमल्यासारखं वाटत नाही, आणि मग तो एकदम बसतो.

रंग फवारायचा असेल तर एक लक्षात ठेवा. कागदी किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, रंगाची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. नसेल तर ब्रशने रंगवा.

प्रश्न : आम्ही साखळीच्या बाजूचे नाटकवाले. कॉस्प्ले स्पर्धेत सगळे परदेशी पात्रं करतात. आपला वीरभद्र केला तर? संकासूर? काही जण म्हणतात पाप लागेल, काही म्हणतात आपली संस्कृती दाखवायलाच हवी.

उत्तर : या पत्राचं उत्तर लिहायला मला आठवडा लागला, कारण दोन्ही बाजूंची माणसं माझ्या घरातलीच आहेत.

वीरभद्र मी करू देणार नाही. तो पोशाख नाही. तो वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घराण्यातल्या माणसाच्या अंगावर येतो, आणि आपण तलवारींचं ते नाचणं बघताना हात जोडतो. त्याचे फोटो काढून, मापं घेऊन, मंचावर तीन मिनिटं उभं राहून गुण मिळवायचे, हे मला मनापासून नको वाटतं. पापाचं मला ठाऊक नाही. ज्यांच्या घरात ते चालत आलं आहे त्यांना दुखेल, एवढं ठाऊक आहे.

संकासुराचं वेगळं. तो वेद चोरणारा असुर, दशावतारी काल्यातला, पण लोक त्याला हसतात, पोरं त्याच्या मागे धावतात, तो प्रेक्षकांत उतरून चेष्टा करतो. तो खेळायलाच आलेला आहे. तरीही पेडण्याकडच्या किंवा तुमच्या जवळच्या एखाद्या दशावतारी मंडळीकडे आधी जा. त्यांच्या पेटाऱ्याची पूजा होते, त्यातल्या वस्तूंना उगाच हात लावू नका. विचारा, बसा, रंगपटात दिवा लावल्यापासून तोंडाला रंग लागेपर्यंत बघा. दशावतारी नट स्वतःची रंगभूषा स्वतः करतो, हातात छोटा आरसा धरून. कॉस्प्लेवाल्यांना ज्याचा अभिमान वाटतो ते सगळं हे लोक वर्षानुवर्षं करत आले आहेत, दिवसभर शेतात किंवा नोकरीत राबून, रात्री. त्यांच्याकडून शिकलात तर स्पर्धेत नाव सांगा, आमचा गुरू कोण ते.

आणि नरकासूर तर हवाच. त्याला आपण दरवर्षी घडवतो आणि पहाटे जाळतो. एकदा चालता-बोलता बघायला मला फार आवडेल.

प्रश्न : वास्कोच्या एकाने माझं काम बघून पूर्ण चिलखत मागितलं आहे. दोन हजार देतो म्हणतो. घेऊ का?

उत्तर : सामानाची यादी कर : फोम, गोंद, पाती, रंग, पट्टे, बकल. माझ्या वहीत साध्या चिलखताचं सामानच अडीच हजारांच्या पुढे जातं. मग तास लिही. पहिल्यांदा करताना मी भाच्याच्या चिलखताला एकशे दहा तास दिले होते, आता साठ लागतात. तासाला किमान मजुरी धर आणि बेरीज त्याच्यापुढे ठेव. तो नाही म्हणाला तर त्याला राग येऊ देऊ नकोस आणि तूही येऊ देऊ नकोस, त्याला शिकव कसं करायचं ते. हो म्हणाला तर निम्मे पैसे आधी, आणि मापं तू स्वतः घे, फोनवर नाही. मी एकदा फोनवरून घेतली होती. माणूस आला तेव्हा चिलखत त्याच्या छातीवर बंदच होईना, आणि रात्रभर बसून दोन्ही बगलांत चार-चार बोटांच्या पट्ट्या घातल्या.

प्रश्न : मडगावहून कोकण कन्येने मुंबईला जायचं आहे. माझा भाला सहा फुटांचा आहे. गाडीत न्यायचा कसा?

उत्तर : अखंड नेऊ नकोस. इलेक्ट्रिकची पीव्हीसी नळी तीन तुकड्यांत काप, प्रत्येक जोडात एक हात लांब बारीक नळी आत सरकव, एका बाजूला चिकटव, दुसरी मोकळी ठेव. मोकळ्या बाजूला आरपार भोक आणि त्यात एक खिळी. जोड लपवायला चामड्यासारखी पट्टी गुंडाळ, भाल्याला ती शोभतेच. पातं फोमचं, आत धातू अजिबात नाही. बहुतेक कार्यक्रमांत दारावर हत्यारं तपासतात आणि धातू बाहेर ठेवायला लावतात. तिन्ही तुकडे जुन्या लुंगीच्या पिशवीत शिवून बर्थखाली.

एक डबा वेगळा घे : सुई, जाड दोरा, सेफ्टी पिना, टिचबटणं, काळा आणि चांदीचा रंग, लहान ब्रश, गोंदाची छोटी ट्यूब, ओला रुमाल. दिवसभरात काहीतरी सुटतंच, आणि तिथे कुणाकडेच काही नसतं. पहिल्या वर्षी भाच्यासोबत गेले तेव्हा माझ्या डब्याभोवती सात अनोळखी मुलं बसली होती.

प्रश्न : काकी, मागच्या वर्षीचा टोप आणि झगा कपाटातून काढला तर झग्यावर पांढरी बुरशी, टोपाचा गुंता आणि बकल गंजलेली. फेकू का?

उत्तर : काहीच फेकू नको. झगा बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटक, तोंडाला मास्क लावून, कारण ती बुरशी छातीत जाते. मग व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन फडक्याने पूस आणि पुसल्यावर उन्हात टाक. डाग राहिले तर पात्राला जुनाट कपडा शोभतो का ते बघ, नाहीतर तिथे जरीची पट्टी.

टोप कृत्रिम केसांचा असेल तर गार पाणी, थोडा शाम्पू, मग केसांचं कंडिशनर लावून तासभर ठेव. टोकाकडून मुळाकडे जा, रुंद दातांची फणी घे. मुळापासून ओढलंस तर जाळीसकट हातात येईल. पिळू नको. टॉवेलमध्ये दाब आणि उलट्या पातेल्यावर चढवून सावलीत वाळव. ड्रायर नाही, सगळेच केस ऊब सोसत नाहीत.

बकल पितळेची किंवा प्लॅस्टिकची घे, आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी टिकत नाही. चेनसुद्धा प्लॅस्टिकच्या दातांची.

वडील दर पावसाळ्यात, उघडीप मिळाली की, सगळा कपडेपट अंगणात काढायचे. मुकुट सुपात, टोप नारळाच्या करवंट्यांवर, शेले दोरीवर. प्रत्येक कपडा उलटा करून. आम्ही पोरं विचारायचो, उलटा का? ते म्हणायचे, घाम आतून लागतो, मग ऊनही आतूनच दाखवायला हवं. तू पुन्हा कपाटात ठेवताना झगा उलटा करून घडी घाल, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेव. औषधाच्या आणि बुटांच्या डब्यांतून निघतात त्या जमवत जा. महिन्यातून एकदा कपाट उघडून पंखा लाव.

पुढच्या अंकात बुटांची पत्रं घेणार आहे, आतापर्यंत अकरा आली आहेत. फोटो पाठवणाऱ्यांनी प्रत्येक वस्तूचे दोन फोटो पाठवा, आणि त्यातला एक उलटा करून, आतल्या बाजूचा.